एकाच अक्षांशावरची दोन गावं: किनाऱ्याच्या तापमानात सागरी प्रवाहाचा हात कसा ओळखायचा

नकाशात रत्नागिरीवर पेन्सिलीचं टोक ठेवा आणि पट्टी लावून पश्चिमेकडे सरळ आडवी रेघ ओढा. अरबी समुद्र ओलांडून, सुमारे दोन हजार किलोमीटरवर, ही रेघ ओमानच्या किनाऱ्याला सलाला शहरापाशी लागते. दोन्ही गावं जवळजवळ १७ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. दोन्हीकडे माड, केळी आणि पपया. जुलै महिन्यात दुपारचं कमाल तापमानही दोन्हीकडे २८-२९ अंशांच्या आसपास. नुसता तक्ता बघितला तर हवामान सारखंच वाटेल.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचे बाबा सलालाला नोकरीला. जुलैत ते फोनवर तिला सांगायचे, "इकडे पण पावसाळाच आहे गं, चार दिवस ऊन नाही." एकदा तिने तासाला उठून विचारलं, "सर, मग तिकडे आपल्यासारखे पूर का येत नाहीत?" रत्नागिरीत एकट्या जुलैत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सलालात त्याच महिन्यात धुकं आणि जेमतेम भुरभुर. सूर्य तोच, समुद्र तोच, मोसमी वाराही तोच. तिचा प्रश्न मला फार आवडला आणि त्याचं नीट उत्तर शोधता शोधता एक पद्धत बसत गेली. तीच इथे पायरीपायरीने लिहितो आहे. शाळेतल्या प्रकल्पाला चालेल, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला चालेल, आणि नुसतं कुतूहल असेल तर जास्तच चालेल.

आधी एक सांगतो. "उष्ण प्रवाहामुळे किनाऱ्याचं तापमान वाढतं, शीत प्रवाहामुळे कमी होतं" हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. वाक्य बरोबर आहे, पण अर्धं आहे. किनाऱ्यावरच्या तापमानात तिघांचा हात असतो: समुद्र जवळ असणं हा पहिला, त्या समुद्राचं पाणी गार आहे की कोमट हा दुसरा, आणि वारा कुठून कुठे वाहतो हा तिसरा. प्रवाहाचा संबंध मुख्यतः दुसऱ्याशी. तिघांना वेगळं केल्याशिवाय प्रवाहाला श्रेय देऊ नये.

लागणारं साहित्य

चांगला नकाशासंग्रह, वही, आणि ठिकाणांची महिनावार सरासरी तापमानं. भारतातल्या ठिकाणांची आकडेवारी भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. सरासरी शक्यतो तीस वर्षांची घ्या, एखाद्या वर्षाची नको. समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाचे उपग्रहावरून केलेले नकाशे हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येतात. वाऱ्याच्या दिशेचा महिनावार नकाशा मात्र हवाच, त्याच्याशिवाय पाचव्या पायरीला अडाल.

पायरी १: जोडी निवडा

दोन्ही ठिकाणं एकाच अक्षांशावर, एखाददुसऱ्या अंशाच्या फरकाने, आणि दोन्ही अगदी समुद्रकाठची हवीत. उंचीवरचं ठिकाण घेऊ नका, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं आणि सगळा हिशेब बिघडतो. हवामान केंद्र शहराच्या नावाचं पण विमानतळावर, किनाऱ्यापासून वीस किलोमीटर आत, असंही असतं. ते तपासा.

शिकायला सगळ्यात चांगली जोडी म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं पोर्ट नोलोथ आणि दरबान. एकच देश, दोन्ही साधारण २९-३० अंश दक्षिणेला, एक अटलांटिकच्या काठी, दुसरं हिंदी महासागराच्या. दरबानची वार्षिक सरासरी २० अंशांच्या थोडी वर, पोर्ट नोलोथची १४ च्या आसपास. दरबानला वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, पोर्ट नोलोथला शंभरही नाही.

पायरी २: समुद्राचा वाटा बाजूला काढा

यासाठी किनाऱ्यावरच्या गावाची त्याच अक्षांशावरच्या आतल्या गावाशी तुलना करा. रत्नागिरी आणि सोलापूर घ्या. मे महिन्यात सोलापूरचं सरासरी कमाल तापमान ४० च्या घरात, रत्नागिरीचं ३२-३३. हा सात-आठ अंशांचा फरक पाहून मुलं लगेच लिहितात, "प्रवाहामुळे." इथे प्रवाहाचा संबंध फारसा नाही. मे महिन्यात रत्नागिरीसमोरचं पाणीसुद्धा २९-३० अंशांचं असतं, त्याला शीत कोण म्हणेल? पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं आणि दुपारी खारे वारे ती हवा जमिनीवर आणतात, एवढंच पुरेसं आहे. कोकणच्या सम हवामानाचं श्रेय आधी समुद्राला द्या.

पायरी ३: हवेच्या आधी पाण्याचा आकडा लिहा

हीच पायरी लोक गाळतात. वहीत दोन्ही गावांसमोरच्या समुद्राचं महिनावार तापमान आधी लिहा, हवेचं नंतर.

पाण्याला एवढा मान का? एक घनमीटर समुद्राचं पाणी एका अंशाने निवताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्या उष्णतेने तीन हजारांहून जास्त घनमीटर हवा एका अंशाने तापते. या व्यवहारात हवा गरीब आणि पाणी सावकार. समुद्रावरून चार-पाचशे किलोमीटर आलेली हवा जवळजवळ पाण्याचंच तापमान घेऊन किनाऱ्याला लागते.

आता रत्नागिरी-सलालाची जोडी पुन्हा बघा. जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरीसमोर पाणी २८ अंशांच्या आसपास, तर सलालाच्या किनाऱ्यालगत ते २० ते २४ पर्यंत उतरतं. हवेच्या तक्त्यात जे दिसलं नव्हतं ते इथे दिसलं. रत्नागिरीची दुपार २८-२९ अंशांवर राहते ती दाट ढगांनी आणि पावसाने ऊन अडवल्यामुळे. सलालाची तेवढीच राहते ती मुख्यतः पायथ्याशी गार पाणी असल्यामुळे. आकडा एकच, कारणं दोन.

पायरी ४: पाणी कुठून आलं ते शोधा

महासागरात वाऱ्यांमुळे मोठमोठी चक्रं फिरतात, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दक्षिण गोलार्धात उलट. त्यामुळे महासागराच्या पश्चिम कडेने, म्हणजे खंडांच्या पूर्व किनाऱ्यालगत, विषुववृत्ताकडचं कोमट पाणी ध्रुवाकडे जातं: आखाती प्रवाह, कुरोशिओ, अगुल्हास, ब्राझील प्रवाह. महासागराच्या पूर्व कडेने गार पाणी विषुववृत्ताकडे परततं: कॅलिफोर्निया, कॅनरी, हम्बोल्ट, बेंग्वेला. पश्चिम कडेचे प्रवाह अरुंद आणि वेगवान, पूर्व कडेचे रुंद आणि संथ. दरबानला अगुल्हास, पोर्ट नोलोथला बेंग्वेला, म्हणजे ही जोडी नियमात चपखल बसते.

हिंदी महासागराच्या उत्तर भागात हा नियम लावू नका. तिथे वारे सहा महिन्यांनी उलटतात आणि त्यांच्यासोबत प्रवाहही उलटतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमाली प्रवाह आफ्रिकेच्या किनाऱ्याने ईशान्येकडे धावतो, त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्याही वर जातो. हिवाळ्यात तोच प्रवाह उलटा दक्षिणेकडे वाहतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाहही पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे जातो. म्हणून अरबी समुद्राचा नकाशा काढाल तेव्हा दोन काढा, एक जुलैचा, एक जानेवारीचा. एकाच नकाशावर दोन्ही बाण काढून ठेवले तर परीक्षकही गोंधळतो आणि काढणाराही.

पायरी ५: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा

सगळ्या पद्धतीचा गाभा इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

किनाऱ्यालगतचं पाणी गार असतं ते दरवेळी ध्रुवाकडून वाहत आल्यामुळे नव्हे. बऱ्याचदा ते तळाकडून वर आलेलं असतं. १८९३ ते १८९६ च्या मोहिमेत नॉर्वेचे फ्रित्यॉफ नान्सेन 'फ्राम' जहाजातून आर्क्टिक समुद्रातल्या बर्फाबरोबर वाहत गेले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता थोडा उजवीकडे सरकतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्याचं गणित व्हाग्न वॉलफ्रिड एकमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांडलं आणि १९०५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पृथ्वी फिरत असल्यामुळे वाऱ्याने ढकललेला वरचा थर, सगळा मिळून, वाऱ्याच्या काटकोनात सरकतो, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे.

यातून एक सोपी कसोटी मिळते. नकाशावर त्या किनाऱ्यावर उभे आहात असं समजा. वाऱ्याकडे पाठ करा. उत्तर गोलार्धात असाल तर उजवा हात पसरा, दक्षिणेत डावा. हात खोल समुद्राकडे गेला तर वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातंय आणि त्याची जागा खालचं गार पाणी घेतंय. हात जमिनीकडे गेला तर कोमट पाणी किनाऱ्याशी साचतंय. हात किनाऱ्याला समांतर राहिला तर यातलं काहीच ठळक घडत नाही.

करून बघा. सलाला: जुलैत वारा नैर्ऋत्येकडून. पाठ तिकडे, तोंड ईशान्येला, उजवा हात आग्नेयेला, म्हणजे थेट अरबी समुद्राकडे. गार पाणी वर येणार. पोर्ट नोलोथ: वारा दक्षिणेकडून, तोंड उत्तरेला, डावा हात पश्चिमेला, अटलांटिककडे. तिथेही तेच. कॅलिफोर्निया: वारा वायव्येकडून, तोंड आग्नेयेला, उजवा हात नैर्ऋत्येला, प्रशांत महासागराकडे. आता रत्नागिरी: पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून, तोंड पूर्वेला, उजवा हात दक्षिणेला, किनाऱ्याच्या कडेकडेने. म्हणून इथे खालचं पाणी जोराने वर येत नाही. केरळच्या किनाऱ्यावर तोच वारा वायव्येकडून येऊ लागतो आणि हात समुद्राकडे वळतो, तिथे पावसाळ्यात गार पाणी वर येतं. वर्गात मुलांना उभं करून हे घेतलं की तास संपेपर्यंत हात खाली जात नाहीत.

खालचं पाणी वर येताना डोळ्यांनी बघायचं असेल तर घरी एक प्रयोग होतो. माशांची लांबट काचेची टाकी घ्या, दोन फुटांची. तिच्यात चार-पाच बोटं फ्रिजमधलं गार पाणी घाला आणि त्यात निळा खायचा रंग मिसळा. वर थर्मोकोलचा पातळ तुकडा तरंगत ठेवा आणि त्याच्यावर अगदी बारीक धारेने कोमट साधं पाणी सोडा. थर्मोकोलमुळे धार खाली घुसत नाही, पाणी पसरत जातं आणि निळ्यावर एका बोटाचा स्वच्छ थर बसतो. थर्मोकोल हळूच काढा. आता केस वाळवायचं यंत्र गार हवेवर ठेवून टाकीच्या एका टोकाकडून, पाण्याला जवळजवळ लागून, वारा मारा. मिनिटाभरात स्वच्छ थर पलीकडच्या टोकाला जाड होऊ लागतो आणि अलीकडे, वारा सुरू होतो तिथे, निळा रंग काचेला लागून वर चढतो. त्या कोपऱ्यात बोट घाला, गार लागेल. विजेची वायर पाण्यापासून लांब राहील अशी आधीच बांधून घ्या, आणि यंत्र मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या.

थर नीट बसावा म्हणून गार पाण्यात मीठ घालायचा मोह होतो. थोडंही जास्त झालं तर खालचं पाणी इतकं जड होतं की वारा त्याला हलवू शकत नाही. कोमट थर जाड झाला तरी तेच. टाकी फिरत नाही, म्हणून इथे पाणी वाऱ्याच्या दिशेने सरकतं, काटकोनात नाही, हे मुलांना नक्की सांगा.

पायरी ६: ते पाणी हवेतून जमिनीपर्यंत पोचतं का?

प्रवाह कितीही उष्ण असला तरी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर किनाऱ्याला त्याचा फायदा नाही. न्यूयॉर्क आणि पोर्तुगालचं पोर्टो दोन्ही ४१ अंश उत्तरेच्या आसपास. पाठ केलेल्या नियमाने न्यूयॉर्क उबदार हवं, कारण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला आखाती प्रवाह, आणि पोर्टो गार हवं, कारण तिथे दक्षिणेकडे वाहणारं थंडगार पाणी. जानेवारीची सरासरी बघा: न्यूयॉर्क शून्याच्या जरा वर, पोर्टो नऊ-दहा अंश. आखाती प्रवाह न्यूयॉर्कपाशी किनारा सोडून खोल समुद्रात गेलेला असतो, आणि हिवाळी वारा येतो तो गोठलेल्या खंडावरून. पोर्टोला तोच पश्चिमी वारा अटलांटिकवरून येतो. जुलैत मात्र न्यूयॉर्क २५ आणि पोर्टो २० च्या आसपास. गार पाण्याचा हात इथे उन्हाळ्यात दिसतो.

पश्चिम युरोपच्या सौम्य हिवाळ्याबद्दलही असंच आहे. तो सगळा आखाती प्रवाहाचा प्रताप, असं एकोणिसाव्या शतकापासून सांगितलं जात होतं. २००२ मध्ये रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दाखवलं की मोठा वाटा उन्हाळ्यात समुद्राने साठवलेल्या उष्णतेचा आणि ती वाहून आणणाऱ्या वाऱ्यांचा आहे. उत्तरपत्रिकेत "केवळ आखाती प्रवाहामुळे" असं लिहिण्याआधी थोडा विचार करा.

पायरी ७: बारा महिन्यांचा आलेख काढा

वार्षिक सरासरी बरंच लपवते. पोर्ट नोलोथ आणि दरबानमध्ये जुलैत चार-पाच अंशांचं अंतर असतं, ते जानेवारीत आठ-नऊ अंशांवर जातं. दक्षिणेचा उन्हाळा म्हणजे तिकडच्या किनारी वाऱ्याचा भराचा काळ, गार पाणी तेव्हाच जास्त वर येतं. सॅन फ्रान्सिस्कोत सगळ्यात उबदार महिना जुलै नसून सप्टेंबर असतो. जुलैत लेकाकडे गेलेले आईबाबा तिथे पहिल्याच संध्याकाळी स्वेटर शोधतात, त्याचं कारण हेच वर आलेलं पाणी. सलालाच्या आलेखात मे महिना उंच, आणि जुलै-ऑगस्टला खाच. ही भर उन्हाळ्यातली खाच दिसली की पाचव्या पायरीवर परत जा, बहुतेक हात समुद्राकडेच निघेल.

पायरी ८: खुणा पडताळा

गार पाण्यावरची हवा खालून निवते, जड होते आणि वर चढत नाही. वर चढली नाही तर मोठा पाऊस नाही, पण बाष्प खालीच अडकून धुकं दाटतं. नामिब आणि अटाकामा ही वाळवंटं समुद्राला लागून असूनही कोरडी राहण्यात या गार पाण्याचा मोठा वाटा आहे. सलालाच्या मागच्या ढोफार डोंगरावर झाडांची पानं धुक्यातलं पाणी टिपतात आणि ते थेंबाथेंबाने खाली गळतं, त्यावर डोंगर हिरवा होतो. तिथले लोक या दिवसांना खरीफ म्हणतात. वर्गातल्या त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, "तुझ्या बाबांकडे ढग जमिनीवर बसलेत, आपल्याकडे सह्याद्री चढतात."

तिसरी खूण मासळी. तळाकडचं पाणी पोषक द्रव्यं घेऊन येतं, म्हणून पेरूसमोरचा समुद्र जगातल्या सगळ्यात समृद्ध मासेमारी क्षेत्रांपैकी एक. एल निनोच्या वर्षी तिथे कोमट पाणी पसरतं, मासे दुरावतात आणि वाळवंटी किनाऱ्यावर पूर येतात. १९८२-८३ आणि १९९७-९८ ही त्याची ठळक वर्षं. तुमची आकडेवारी नेमकी अशा वर्षाची नाही ना, ते बघून घ्या.

आपल्या किनाऱ्यावर स्वतः मोजायचं असेल तर

बेंजामिन फ्रँकलिन १७७५ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला परतताना समुद्रात थर्मामीटर बुडवत आखाती प्रवाहाची हद्द शोधत होते. आपल्याला प्लास्टिकची बादली, दोरी आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर पुरतो. धक्क्यावरून बादली सोडा, पहिली ओतून द्या म्हणजे बादली समुद्राच्या तापमानाला येते, दुसरी मोजा. बादली सावलीत ठेवा, पाणी ढवळा, मिनिटभर थांबा, आणि थर्मामीटर पाण्यात असतानाच वाचा. बाहेर काढून वाचलात तर ओला फुगा वाऱ्याने निवतो आणि पारा खोटं बोलतो. पूर्वी जहाजांवर कॅनव्हासच्या बादल्या असत, त्या झिरपून पाणी गार करत, आणि जुन्या नोंदींत ही चूक आजही दुरुस्त करावी लागते.

वेळ सकाळची एकच ठेवा. त्या वेळी भरती असेल त्या दिवशीच मोजा, ओहोटीला पुळणीवरचं उथळ पाणी उन्हाने तापलेलं असतं. खाडीच्या मुखाशी घेऊ नका, तिथे नदीचं पाणी मिसळतं. तारीख, वेळ, भरती, वाऱ्याची दिशा, पाणी, हवा एवढे रकाने पुरे. उधाणाच्या दिवसांत धक्क्यावर जाऊच नका, तो रकाना रिकामा राहिला तरी चालेल.

एक गोष्ट लक्षात ठेवून नोंदी वाचा. पावसाळ्याच्या शेवटी गोव्यापासून खालच्या किनाऱ्यावर गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात येतं, पण पावसाचं आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी त्याच्यावर झाकणासारखं बसलेलं असतं. बादली झाकणातलंच पाणी आणते. ओळखीचा मच्छीमार असेल तर बाटलीला वजन आणि बुचाला वेगळी दोरी बांधून त्याच्याकडे द्या. आठ-दहा मीटर खाली गेल्यावर बूच ओढायचं, बाटली भरू द्यायची आणि वर येताच तापमान घ्यायचं. सप्टेंबरअखेर दर्या शांत झाला की वरचा आणि खालचा आकडा शेजारीशेजारी लिहा.